आधी स्विच, मग नाव

आमच्या आईचं आपल्या जावयाबद्दल एकच गाऱ्हाणं होतं. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, ताईला तळहाताच्या फोडासारखा जपणारा, पण तोंडात कधी म्हणून देवाचं नाव नाही. "बाकी सगळं दिलंय गं त्याला," आई ताईला म्हणायची, "स्वतःचं नाव तेवढं द्यायचं राहून गेलं देवाकडून." ताई हसायची आणि दुसरंच काहीतरी काढायची. दाजी तिथेच बसलेले असले तरी ऐकलं न ऐकलंसं करून चहा पीत राहायचे.

मी मात्र आईचा गुणी मुलगा. जांभई आली तरी नाव, बस चुकली तरी नाव, बस मिळाली तरी नाव. चहाने जीभ भाजली की त्याचंच नाव, फुंकर मारून झाली की पुन्हा त्याचंच. शपथा तर विचारू नका. दिवसाला वीसेक सुटायच्या, त्यातल्या निम्म्या अशा थापांसाठी, की शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता. दाजी मला रेडिओ म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे असं मी धरून चाललो होतो.

आता ते नाव कुठलं, ते मी इथे सांगणार नाही. तुमच्या घरात जे असेल ते समजा. का सांगत नाही ते पुढे कळेल, आणि नाही कळलं तर माझ्या सांगण्यातच खोट आहे म्हणा.

दाजी आणि मी, आम्ही दोघं लिफ्टचे मेकॅनिक. त्यांनीच मला या धंद्यात आणलं आणि कानाला धरून शिकवलं. लिफ्ट म्हटलं की लोकांना ती पेटी दिसते, आरसा आणि बटणं. आम्हाला दिसतो तो बोगदा. उंच, अंधारा, वंगणाचा वास मारणारा. त्याच्या डोक्यावर मशीनची खोली, आणि अगदी तळाशी, तळमजल्याच्याही खाली, छातीइतका खोल खड्डा. लोकांच्या किल्ल्या, नाणी, चिठ्ठ्या, लहान मुलांचे बूट सगळं त्या खड्ड्यात जाऊन पडतं. महिन्यातून एकदा कोणीतरी त्यात उतरायचं असतं. आणि तो उतरलेला असताना वरची पेटी खाली येता कामा नये, एवढीच काय ती आमच्या धंद्यातली अक्कल. बाकी सगळं पान्ह्याने होतं.

एक माणूस वर जातो, मेन स्विच बंद करतो, खालच्याला सांगतो, मग खालचा उतरतो. सोपं आहे. पण दाजींचे जे उस्ताद होते, त्यांच्या तरुणपणी एकदा वरच्या गड्याने सवयीने "हो हो, झालं" म्हटलं होतं. तो सगळ्यालाच "हो हो, झालं" म्हणायचा. जेवलास का, हो हो, झालं. खाली उतरलेला माणूस त्यानंतर घरी गेला नाही. तेव्हा उस्तादांनी ठरवलं की खाली सांगायचं ते अशा शब्दाने सांगायचं, जो खोटा बोलताना जीभ कचरेल. आणि असा शब्द त्यांच्या माहितीत एकच होता.

तेव्हापासून आमच्यात तो रिवाज पडला. वर जायचं. स्विच बंद करायचा. त्याला स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली मुठीत घ्यायची. मग मशीनच्या खोलीखाली बारा पायऱ्या उतरून जिन्याच्या वळणावर यायचं. तिथे बोगद्याला एक लहानशी झडप असते. ती उघडायची आणि खाली तोंड करून देवाचं नाव घ्यायचं. एकदाच, सावकाश, मोठ्याने. खालचा ते ऐकून परत म्हणतो, आणि मग खड्ड्यात पाय टाकतो. बाकी दिवसभर त्या बोगद्याच्या आसपास ते नाव कुणी कशासाठीही घ्यायचं नाही. अंगठ्यावर हातोडी बसली तर आईला हाक मारा, शिव्या द्या, पण ते नाही.

दुसऱ्या कंपन्यांची पोरं आम्हाला हसायची. त्यांच्याकडे वॉकीटॉकी होते. ते आम्हालाही मिळाले होते, पण बोगद्यात ते नुसते खरखरतात, आणि दाजींचं त्यावर म्हणणं असं की, "यंत्रातून खोटं बोलायला माणसाला लाज वाटत नाही."

नास्तिक म्हणून आईने ज्याला निकालात काढलं, तो माणूस हा असा. एकदा मी विचारलंही होतं, की दाजी, घरी का नाही घेत कधी नाव, आई उगाच बोल लावते. ते म्हणाले, "कामावर घेतो ना. ते नाव ऐकून मी खड्ड्यात उतरतो रे. ज्या नावावर जीव टाकतो, ते चहाबरोबर कसं घेऊ?"

मी म्हटलं, खरंय. आणि त्याच संध्याकाळी बसची वाट बघताना पाच वेळा घेतलं.

आता माझं पाप सांगतो. फार मोठं नाही. बारा पायऱ्यांचं आहे.

वरचा मी असायचो, कारण दाजींचे गुडघे दुखायचे आणि आठ-आठ, दहा-दहा मजले चढणं त्यांना झेपत नव्हतं. रिवाजाप्रमाणे मी झडपेवरून पुढे बारा पायऱ्या चढून वर जाणार, स्विच बंद करणार, पुन्हा बारा पायऱ्या उतरून झडपेशी येणार, नाव घेणार, मशीनमध्ये काम असलं की परत बारा चढणार. एके दिवशी पाय भरून आले होते. मनात आलं, जाता जाताच नाव घेतलं तर? खालून दाजी परत म्हणणार, मग लोखंडी शिडी धरून जपून उतरणार, तोवर मी वर पोचून स्विच पाडलेला असणार. दहा-पंधरा सेकंदांचा तर प्रश्न. तसं केलं आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. मग तेच अंगवळणी पडलं. आधी नाव, मग स्विच. दाजींना याचा पत्ता नव्हता. त्यांना खाली फक्त आवाज यायचा, आणि आवाज माझा खणखणीत होता.

त्या दिवशी आम्ही एका आठ मजली इमारतीत गेलो होतो. खड्ड्यात एक लाल बटण असतं, खाली उतरलेल्या माणसाने दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही. खड्ड्यात ओल येऊन ते बटण मेलं होतं, आणि तेच बदलायचं होतं. म्हणजे ज्या एका गोष्टीने जीव वाचला असता, तीच बंद, आणि म्हणूनच आम्ही तिथे. पेटी तिसऱ्या मजल्यावर उभी करून ठेवली. तळमजल्यावर ‘काम चालू आहे’ची पाटी लावली. मी चढायला लागलो.

जिन्याच्या वळणावर झडप उघडली, खाली तोंड केलं आणि नाव घेतलं. खालून दाजींनी परत म्हटलं. त्यांचा आवाज बोगद्यातून वर यायचा तेव्हा जरा जाड होऊन यायचा. मी वळलो, तर समोर इमारतीचा मॅनेजर. आठव्या मजल्यावर त्याचं ऑफिस. कमरेवर हात ठेवून उभा.

"मागच्या वेळी दहा मिनिटं म्हणालात आणि दोन तास लावलेत," तो म्हणाला. "आज किती?"

मी सरळ म्हणू शकलो असतो, साहेब, थांबा, आधी वर जाऊन येतो. एवढंच म्हणायचं होतं. पण मागच्या वेळी हाच माणूस मला लोकांदेखत घालूनपाडून बोलला होता, आणि त्याला बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्हटलं, "घाई असेल तर तुम्हीच उतरा खड्ड्यात." तो म्हणाला, "तोंड सांभाळून बोला." मी म्हटलं, "तोंडाचंच खातो मी." शब्दाने शब्द वाढत गेला. दोन मिनिटं गेली असतील. फार तर तीन. मला आठवतंय, मी अगदी रंगात आलो होतो. एक झकास टोमणा सुचला होता आणि तो मारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात उघड्या झडपेतून मला दोर हलताना दिसले.

तिसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी पेटीत शिरलं होतं आणि त्याने तळमजल्याचं बटण दाबलं होतं. दार उघडं असलं तर लिफ्ट चालत नाही, पण लहान पोरं डोकावतात म्हणून खड्ड्यात उतरल्यावर दार आतून ओढून घ्यायची दाजींची सवय होती.

बारा पायऱ्या मी कशा चढलो ते मला माहीत नाही. स्विच खाली पाडला. मशीन थांबलं, पण पेटी तोवर तळाला पोचली होती.  आणि त्या तसल्या अवस्थेत मी एक गोष्ट केली, जिची मला त्या अपघातापेक्षा जास्त लाज वाटते. मी खिशातून कुलूप काढलं, स्विचला घातलं आणि किल्ली मुठीत घेतली. तीनदा किल्ली निसटली, तरी घातलं. खाली माझा माणूस मेला की जगला ते कळायच्या आत मी ते कुलूप घातलं.

मशीनचं चाक हाताने फिरवून पेटी हळूहळू वर घेतली. मॅनेजर बिचारा धावत खाली गेला होता, त्याने दार उघडलं. "आहेत, जिवंत आहेत," तो खालून ओरडला. मी मशीनला टेकून खाली बसलो आणि रडलो. मशीनचा आवाज कानावर पडताच दाजी खड्ड्यातल्या पाण्यात पालथे पडले होते. पेटी त्यांच्या पाठीपासून वीतभर वर थांबली. डावा हात मात्र काढायला वेळ मिळाला नाही. पेटी ज्या उभ्या रुळावरून सरकते, त्याच्या आणि पेटीच्या मध्ये मनगट सापडलं.

दोन दिवसांनी कंपनीचा तपासनीस दवाखान्यात आला. तरुण, नीटस, मांडीवर कागदांची फळी. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. ताई खिडकीशी.

"स्विच बंद झाल्याची तुमची खात्री होती?" त्याने दाजींना विचारलं.

"होती. त्याने नाव घेतलं."

"कोणाचं नाव?"

"देवाचं."

तपासनीसाने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघितलं. मग दाजींनी त्याला सगळा रिवाज समजावून सांगितला, उस्तादांपासून. एरवी दिवसाकाठी दहा वाक्यं न बोलणारा माणूस, प्लॅस्टरमधला हात छातीवर धरून पाच मिनिटं बोलला. शेवटी म्हणाले, "त्याने नाव घेतलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे स्विच बंद होता. दोष स्विचमध्ये शोधा. बाहेरून बंद दिसत असेल, आतून चिकटलेला असेल."

तपासनीसाने लिहिलं, ‘तोंडी इशारा देण्यात आला होता.’ वर कुलूप होतंच घातलेलं. मॅनेजरनेही नंतर वर येऊन ते बघितलं होतं. स्विच सदोष, असा शेरा पडला. नवा बसवायचं ठरलं. कोणाला शिक्षा नाही, कोणावर आळ नाही. ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू धावलास म्हणून हे वाचले."  रेडिओ बंद पडला होता.

मला वाटलं होतं, संपलं. माणसं विसरतात. मनगट बरं होईल, दाजी परत येतील, मी कानाला खडा लावीन आणि इथून पुढे एकूण एक पायरी चढीन. पण घरी गेल्यावर तिसऱ्याच दिवशी दाजींनी मला निरोप पाठवला, तो काढलेला स्विच घेऊन ये.

मी नेऊन दिला. डबा केवढा तो, दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढा, करड्या रंगाचा, पुढे लाल मूठ. त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, एका हाताने झाकण उघडलं आणि मीटर लावला. स्विच चालू केला की मीटर पीं करणार, बंद केला की गप्प बसणार. दाजींना हवा होता तो एक क्षण, जेव्हा मूठ खाली असूनही मीटर पीं करील. पहिल्या दिवशी दीडशे वेळा केलं. एकदाही वाजला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्विच गरम करून बघितला. तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून. मीटरच्या तारा एका हाताने धरवेनात, म्हणून कामावरून सुटलो की मी जायचो आणि धरून बसायचो. खटक, पीं. खटक, गप्प. खटक, पीं. खटक, गप्प. समोरासमोर बसून, मी त्या तारा धरलेल्या, आणि ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, मीटरच्या काट्याकडे बघत होते.

"कधीतरी एकदा चुकेल," ते म्हणायचे. "चुकलाच पाहिजे."

पाचव्या दिवशी ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तू तरी सांग रे त्यांना," ती म्हणाली. "दुपारचे झोपत नाहीत, जेवताना डावीकडे तो डबा. काल मी म्हटलं, जाऊ द्या ना, नवा बसलाय आता. तर म्हणाले, दोष सापडल्याशिवाय मी खड्ड्यात उतरू शकत नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाले, नाव घेतलेलं होतं गं." तिने ओट्यावर कप मांडले. "किती विश्वास आहे त्यांचा तुझ्यावर."

माझ्यावर नव्हता तो. ताईला ते कळलं नव्हतं, मला कळलं होतं. माझ्यावर कसला विश्वास? मी रेडिओ. माझं कोण काय मनावर घेतं? त्या नावावर होता तो सगळा. लोखंड खोटं ठरेल, तांबं खोटं ठरेल, पण ते नाव खोटं ठरणार नाही, म्हणून हा माणूस एका हाताने त्या धडधाकट डब्यात दोष शोधत होता. आणि मी समोर बसून त्याला मदत करत होतो. मला ते सोसेना. वाटलं, आत्ता इथून निघून जावं आणि परत या घरात येऊच नये.

मी बाहेर आलो. दाजींनी मूठ खाली केली, खटक. मी तारा टेबलावर ठेवल्या.

"दाजी, तो चांगला आहे."

"कशावरून?"

"मी तो बंदच केला नव्हता."

 दाजी हळू आवाजात, मला समजावल्यासारखं म्हणाले, "पण तू नाव घेतलंस."

"घेतलं."

"आणि कुलूप?"

"नंतर घातलं. पेटी खाली गेल्यावर."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला. दाजींनी लाल मुठीवर हात ठेवला होता, तो तसाच होता.

"त्या मॅनेजरने अडवलं म्हणून," ते म्हणाले. "घाईत झालं. त्या दिवसापुरतं."

हे त्यांनी मला विचारलं नाही. हातात ठेवलं. हो म्हणायचं होतं नुसतं. एका चुकीवर भागलं असतं, माणसाची चूक म्हणून पदरात घेतली असती त्यांनी, मला पक्कं माहीत होतं. माझ्या जिभेवर शपथसुद्धा आली होती, देवाशपथ दाजी, त्या एकाच दिवशी. ओठांपर्यंत आली होती.

"नाही," मी म्हटलं. "सहा वर्षं झाली. बारा पायऱ्या वाचवायला. जाता जाता आधी नाव घ्यायचो, मग स्विच."

"रोज?"

"रोज."

मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. मी तर गालही पुढे केला असता. ते खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. 

"मी खालून परत म्हणायचो," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला पुढे वाकावं लागलं. "तू म्हटलंस की मी म्हणायचो. सहा वर्षं माझ्याही तोंडून खोटंच गेलं की रे."

मनगटाचं काही नाही. जिवाचं काही नाही. हे.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. एका हाताने स्क्रू बसेना, म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच, वेळ लावून, चारही बसवले. "चांगला आहे," ते म्हणाले. "परत करून टाक. उगाच बदनाम झाला."

ताई दारात उभी होती. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिने मला कडेवर घेऊन फिरवलंय. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मला विधवा करायला निघाला होतास तू. आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला." एवढंच म्हणाली. पुढचे चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. घरी गेलो की चहा मात्र समोर आणून ठेवायची, आणि तो प्यायला माझ्याने व्हायचा नाही.

कंपनीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तपासनीसाने सगळं ऐकून घेतलं, जुना कागद काढला, नवा घातला. मला तीन महिने घरी बसवलं. खरं म्हणजे कायमचंच काढणार होते. पण दाजी परत कामावर रुजू झाले, तेव्हा त्यांना विचारण्यात आलं, की जोडीला कोण देऊ, आणि दाजींनी माझं नाव सांगितलं. तपासनीसच मला नंतर म्हणाला, तो चक्रावून गेला होता. त्याने विचारलं, याच्याबरोबर तुम्ही परत उतरणार? दाजी म्हणाले, "दुसरा कोणी आला, तर त्याला अजून कळायचं असेल. याला कळलंय."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, माफ केलं. सगळं पहिल्यासारखं होणार.

पहिलं काम एका सात मजली इमारतीत निघालं. दाजींचं मनगट जरा वाकडंच जुळलं होतं, पिशवी उजव्या हातात. मी तळमजल्यावर पाटी लावली, कुलूप घेतलं आणि विचारलं, "दाजी, निघू वर? बंद करून, खाली उतरून, मगच नाव घेईन. किल्ली मुठीत धरून."

"नाव नको घेऊस," ते म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. मी येऊन बघतो."

"दाजी, सात मजले आहेत."

"आहेत ना."

"तुमचे गुडघे."

"त्या नावाला आता जरा विसावा देऊ या," दाजी म्हणाले. राग नव्हता आवाजात, असता तर बरं झालं असतं. "फार वापरलं आपण ते."

आणि ते चढायला लागले. मी मागे, त्यांची पिशवी घेऊन. प्रत्येक मजल्यावर ते कठड्याला धरून थांबत होते. तिसऱ्यावर एका बाईंनी दार उघडून पाणी हवं का विचारलं. पाचव्यावर ते पायरीवर बसले आणि गुडघे चोळले. मी म्हटलं, दाजी, पाया पडतो तुमच्या, एकदा विश्वास ठेवा. ते म्हणाले, "ठेवलाय. म्हणून तर तुलाच घेतलं." आणि उठले. मशीनच्या खोलीत मी त्यांच्यासमोर स्विच बंद केला, कुलूप घातलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ एकदा ओढून बघितली, किल्ली खिशात टाकली आणि सात मजले खाली निघाले.

त्यांच्या पावलांचा आवाज मला बराच वेळ येत होता. उजवा पाय, मग डावा, मग थांबणं. स्विच बंद होता, कुलूप होतं, किल्ली त्यांच्याकडे. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. तरी मी त्या कुलपावर हात ठेवून उभा राहिलो. खाली दार उघडल्याचा आवाज आला. शिडीवर पाय पडल्याचा आला. आता खाली एक माणूस खड्ड्यात उतरत होता आणि त्याला वरून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. तोंडात ते नाव आलं, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. आयुष्यभर मी ते लोकांना ऐकवायला घेतलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मनातल्या मनात घेतलं, दाजी वर येईपर्यंत घेत राहिलो, आणि हात कुलपावरून काढला नाही.